कमानीखालून गेलेलं विमान

"मी इमानात बसनार. उडनार न्हाई, नुसती बसनार. तू कवा येतीस सांग."

कुंडलच्या इंदूआत्याचा फोन असा असतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट हुकूम. आत्या एकाहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी कानाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला. तोवर तिला विमानात बसायची कधी आठवणही झाली नव्हती. पण "करू नका" म्हटलं की आत्याला तेच करायचं असतं.

आणि बातमीही तशीच आली होती. पाचवडहून वाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हॉटेलवाल्यानं उड्डाणातून बाद झालेलं दोनमजली प्रवासी विमान हैदराबादहून विकत आणलं होतं. त्याचे तुकडे करून ते ट्रेलरवरून येणार, इथे जोडणार आणि त्यात जेवणाची टेबलं मांडणार. पुढचा भाग गुरुवारी दुपारी पोचणार होता. मी सांगलीत एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, सुट्ट्या शिल्लक होत्या. म्हटलं, चला.

गुरुवार

सकाळी सहाला सांगली सोडली, आत्याला कुंडलमधून उचललं आणि ताकारीवरून कराडला महामार्गाला लागलो. आत्याच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी आणि शिवायची टेप. "ही कशाला?" तर म्हणे, "मोजायला. लोकं उगं थापा मारत्यात." कराडला मिसळ खाल्ली. महामार्गाचं काम सुरू आहे, दर दहा किलोमीटरला वळवलेला रस्ता, त्यामुळे साताऱ्यापर्यंत तासाभराच्या जागी दोन तास धरा. तासवडे आणि आनेवाडी असे दोन टोलनाके लागतात.

एकला पोचलो तेव्हा जागेवर दीडेकशे माणसं, दोन भेळेच्या गाड्या आणि एक बँजो पार्टी होती. विमान नव्हतं. तीनला कळलं, चारला येईल. चारला कळलं, सहाला येईल. सहाला बँजोवाले पैसे मागायला लागले. हॉटेलमालक फोन कानाला लावून शेतात लांब जाऊन उभा राहिला होता, तेवढ्यावरून आम्ही काय ते समजलो.

मुक्काम वाईला केला. घाटाजवळच्या लॉजमध्ये नऊशे रुपयांत दोन खाटांची खोली मिळते. गरम पाणी सकाळी सात ते आठच, आधी विचारून ठेवा. संध्याकाळी कृष्णेच्या पायऱ्यांवर बसलो. मी फोटो काढत होते, आत्या पाण्याकडे बघत होती पण डोक्यात ट्रेलरच होता.

शुक्रवार

सकाळी हॉटेलच्या माणसानं खरं सांगितलं. मोठ्या रस्त्यावरच्या एका पुलाखालून माल मावेना, म्हणून दहिवडीकडून वडूजला येणारा आतला रस्ता धरला. तिथे एका गावाच्या कमानीपाशी कालपासून ट्रेलर उभा आहे. कमान पाडायची म्हटली तर एक बाई आडवी आलीय.

चारशे किलोमीटर आलं आणि कमानीपाशी थांबलं. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, ते हे.

"गाडी काढ," आत्या म्हणाली. "त्ये येत न्हाई तर आपुन जाऊ."

मी आढेवेढे घेतले. वाईहून सातारा, कोरेगाव, पुसेगाव, वडूज, म्हणजे तीन तासांची रपेट, वर माझा शनिवार गेलाच. आत्या तोवर गाडीत जाऊन बसली होती. कुणाला हा रस्ता करायचा असेल तर कोरेगावला जेवून घ्या, पुढे हॉटेलं विरळ होत जातात. पुसेगाव सोडलं की उसाचा हिरवा रंग संपतो आणि काढणीला आलेली शाळू ज्वारी लागते. उघडं माळरान, लांबवर पवनचक्क्या. मला हा भाग फार आवडतो. आत्याला, बागायतदारीण असल्यामुळे, कीव येते.

गावाचं नाव लिहीत नाही, गावानंच तसं सांगितलंय. रील करणारे येऊन धुडगूस घालतील म्हणाले.

ते लांबूनच दिसलं. शाळू डोक्याएवढी वाढलेली, आणि तिच्यावर एक पांढरं, खिडक्याखिडक्यांचं प्रचंड डोकं. पंख नाहीत, शेपूट नाही, नुसता पुढचा अर्धा तुकडा, पण जवळ गेल्यावर माझी मान मागे गेली ती गेलीच. दोन मजले. खिडक्यांच्या दोन ओळी. शेजारच्या देवळाचा कळसही वरच्या खिडक्यांना पोचत नव्हता. आत्यानं पिशवीतून टेप काढली, त्या धुडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं परत ठेवली.

समोर कमान. तीस फूट तरी उंच. या भागात यात्रेला सासनकाठी निघते. ती उंच काठी देवासमोर नेताना आडवी करायची नाही, असा दंडक आहे. म्हणून कमानही तेवढी उंच बांधलेली. विमान आणणाऱ्या ठेकेदारानं हाच रस्ता निवडला तो त्यामुळेच. दोन महिन्यांपूर्वी मोजून गेला, वीतभर जागा शिल्लक राहत होती. मग बारा वर्षं मागण्या करून थकलेल्या गावाला डांबरी रस्ता मिळाला. खाली खडीचे दोन थर, वर डांबर. रस्ता हातभर वर आला आणि विमान अडकलं.

"चाकातली हवा सोडा," हे मी धरून त्या दिवशी निदान चाळीस जणांनी सुचवलं असेल. ट्रेलरचा ड्रायव्हर मल्लाप्पा जतकडचा, त्याचं हसू आता संपलं होतं. "ताई, हवा सोडली, जॅक खाली घेतलं, समदं केलं. आजून अर्धी वीत पायजे."

कमानीच्या उजव्या खांबाला टेकून एक बाई बसली होती. बारीक, साठीची, डोक्यावर पदर. पारूअक्का. कमानीवर संतोष हे नाव होतं, तो तिचा मुलगा. सैन्यात होता, सात वर्षांपूर्वी सीमेवर कामी आला.

ठेकेदार वाईट माणूस नव्हता. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "ग्रॅनाइटची बांधून देतो, याच्या दुप्पट." तरुण सरपंच दोन्हीकडे बघत घाम पुसत होता. नव्या रस्त्याच्या उद्घाटनाचा त्याचा फलक अजून खांबाला लटकत होता. दोन दिवस गाड्या खोळंबलेल्या, एसटी बंद, शाळेची मुलं चालत चाललेली. गावातले काही लोकही आता म्हणायला लागले होते की अक्कानं हट्ट सोडावा.

आत्या माझ्याकडे वळली. "मी समजावते तिला. बाईचं बाई ऐकती." आत्याला विमान हवं होतं, लपवायचं कशाला? ती तरातरा गेली आणि अक्काच्या शेजारी फतकल मारून बसली. मी मागे उभी.

"आवं बाई, नवी बांधून देत्यात म्हनं, दगडाची. मग काय अडलं?"

अक्का शांतपणे म्हणाली, "माजं पोरगं पेटीतनं आलं. पेटी उघडू दिली न्हाई. मी त्येचं तोंड बगितलं न्हाई, हात लावला न्हाई. त्येच्या जोडीची पोरं सुट्टीवर आली, गवंड्याला लांब सारलं आन् म्हैनाभर राबून हे खांब उभं केलं. सुट्टी समदी हितं घातली. आता ह्या खांबाला हात लावते मी. ठेकेदाराच्या दगडाला कशाला लावू?"

माझे आतोबा, म्हणजे तिचे यजमान, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले आणि अंथरुणावर, तिच्या मांडीवर गेले. तिनं हळूच मागे हात नेऊन खांबाला लावला. मग पाय पसरून नीट टेकून बसली.

ठेकेदार आशेनं पुढे आला. "झालं का मावशी?"

"झालं," आत्या म्हणाली. "तुजं इमान माघारी ने हैदराबादला."

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोन दिवस माझ्या गाडीचं पेट्रोल जाळून जिनं मला विमानामागे पळवलं, तीच आता विमानाला आडवी बसली होती.

अर्धा तास नुसता आरडाओरडा. शेवटी आत्याच वैतागून म्हणाली, "काय गड्यांनो, बैल गोठ्याच्या दारात अडला तर दार फोडता व्हय? खालची माती काढता का न्हाई?"

सगळ्यांनी एकदम सरपंचाकडे पाहिलं. कारण खालची माती म्हणजे काय, तर तो नवाकोरा रस्ता. तोही जरासा नाही. एवढा लांब ट्रेलर, पूर्ण आत उतरायचा म्हणजे कमानीच्या दोन्ही बाजूंना धरून दीडशे फूट तरी उकरावं लागणार.

"बारा वर्सं घातली ह्या रस्त्यासाठी," सरपंच म्हणाला. त्याचा आवाज फुटला. तो घरात गेला. मला वाटलं, संपलं. तो पहार घेऊन बाहेर आला आणि डांबरावर पहिला घाव त्यानंच घातला. "रस्ता परत घालू. लेखी द्या ठेकेदार, आन् जेसीबी बोलवा."

ठेकेदारानं उभ्या उभ्या लिहून दिलं.

शनिवार

आदल्या रात्री आम्ही अक्काकडेच उतरलो. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी आणि खर्डा. पैसे विचारले तर अक्का जवळजवळ भांडली.

उजाडताच कामाला सुरुवात. जेसीबीनं मधला भाग काढला, पण खांबांपासून दोन हात अंतरात मशीन येऊ द्यायची नाही असं ठरलं, हादऱ्यानं पाया हलला तर? तिथे कुदळ आणि खोरं. सुट्टीवर आलेले सहा फौजी गावात होते, त्यांनी ती जागा स्वतःकडे घेतली. बायकांची घमेल्यांची रांग लागली, त्या रांगेत मी. ग्रंथपालाच्या हाताला दहा वाजता फोड आले. आत्या ओचा खोचून मध्ये उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती. "ए, तिकडं उतार कमी हाय रं! पाट काढतोस का खड्डा?" उसाला पाणी पाजण्यात जन्म गेलेला, उतार तिला डोळ्यांनी कळतो.

दुपारी बाराला मल्लाप्पानं चप्पल काढून केबिनमध्ये पाय ठेवला. वीज मंडळाच्या माणसांनी तारा उतरवून ठेवल्या होत्या, त्यातलाच एक जण कमानीवर पालथा पडून हात खाली सोडून होता. इंजिन सुरू झालं. ते पांढरं डोकं हळूहळू खाली उतरलं आणि कमानीत शिरलं.

एक फूट. थांबा. अर्धा फूट. थांबा. खिडक्यांची वरची ओळ कमानीच्या पोटाखालून सरकत होती. अक्का खांबाला दोन्ही तळवे लावून उभी होती, डोळे मिटून. वरच्या माणसानं त्या फटीत पंजा आडवा घातला आणि ओरडला, "चार बोटं! चार बोटं हाय! येऊ द्या!"

पाऊण तास लागला. शेवटचं टोक बाहेर पडलं तेव्हा कमानीचा चुनासुद्धा सांडला नव्हता. सरपंच उकरलेल्या रस्त्यात मटकन बसला आणि हसत सुटला.

मल्लाप्पानं शिडी लावली. "मावशी, चला आत. तुमीच आदी." आत्या अक्काचा हात धरून वर चढली, मागे मी. आत खुर्च्या नव्हत्या, नुसत्या लोखंडी बरगड्या आणि लोंबणाऱ्या वायरी. दोघी जमिनीवर मांडी घालून बसल्या. अक्का बराच वेळ छताकडे बघत राहिली.

"पोरगं माजं पुन्यापातुर इमानातनंच आलं," ती म्हणाली. "आत कसं आसतं, ठावं नव्हतं. लय गार लागत आसंल का वं?"

आत्यानं तिला जवळ ओढून घेतलं. मी खिडकीतून बाहेर शाळूकडे बघत राहिले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

परतीला मायणी, विटा करत कुंडल. रस्ता चांगला आहे, दीड-दोन तास पुरतात. सगळ्या सहलीत पेट्रोल आणि लॉज मिळून साडेचार हजार गेले. ते हॉटेल उघडलं की तिथे जरूर जा, पण जमलं तर वडूजकडून जा, वाटेत एका कमानीशी दोन मिनिटं थांबा. ठेकेदारानं शब्द पाळला आहे. रस्ता पुन्हा झाला, यावेळी जुन्याच पातळीला. माझ्या हातावरचे फोड गेले. मी आजवर पुष्कळ देवळं, किल्ले, समुद्र बघितले, पण कुठल्या जागेसाठी मी मातीचं एक घमेलंही उचललं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. थोडी लाजही वाटली.

कुंडलला गाडीतून उतरेपर्यंत गल्लीतल्या बायका जमल्या. फोटो आधीच फिरले होते. "इंदूकाकी, केवढं गं हुतं इमान?"

आत्यानं पिशवी खांद्यावर घेतली.

"संतोषच्या कमानीपेक्षा चार बोटं ल्हान," ती म्हणाली आणि घरात गेली.