धुऱ्यातली राणीछाप माळ

देवमनला मातीतलं सगळं सापडायचं, फक्त बायकोचं सोडून. दुर्गाबाईचं डोकं फिरायचं ते याचमुळे.

दुसऱ्या महायुद्धात तो सुरुंग शोधायच्या पलटणीत होता. पुढे अकोल्याच्या भंगारात त्याला तसलंच एक लष्करी यंत्र मिळालं. लांब दांडा, खाली ताटली, पाठीवर बॅटरी, कानाला भोंगे. जमिनीत धातू असला की कानात कुंई वाजायचं. जठारपेठेतल्या कमलाकांत वकिलांना इंग्रज साहेबांच्या जुन्या वस्तूंचा भारी नाद, पैसे मोजून घ्यायचे. मग काय, पातूरकडच्या माळावर जिथे इंग्रजांचे तंबू पडायचे, तिथे दर रविवारी देवमनची स्वारी. परतताना खिशात पितळी बटणं, पट्ट्याचं बक्कल, मडमेच्या टोपीची पिन. ते सगळं तो चिंच लावून घासत बसे, आणि चिंच दुर्गाबाईच्या वरणातली.

तिच्या मायने कापसाच्या जिनात राबून राणीछाप चांदीच्या रुपयांना कड्या लावून माळ केली होती. मायची तेवढीच खूण. दुर्गाबाई ती देवांच्या टोपलीत, पितळी टाकांखाली ठेवायची. सगळ्याच बायका ठेवायच्या. देवाखाली चोरही हात घालत नाही. छप्पन साली नागपूरला दोघांनी जुने देव सोडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती पोरं घेऊन मागून घरी पोचेपर्यंत याने टोपली उचलून शेताच्या धुऱ्यात, बांधाच्या मातीत, पुरूनही टाकली होती. देव गेल्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. पण आत काय आहे, एवढं विचारायला याची जीभ झडली होती का? आणि जागा विचारली की एकच उत्तर, अंधार होता, ध्यानात नाही.

सात वर्षांनी एका संध्याकाळी तिचा बांध फुटला.

"साहेबाचे बटनं सापडतात तुमाले," ती म्हणाली, "मंग माह्या मायची माळ कावून नाई सापडत?"

"धुरा लांब हाय."

"मंग मशीन कायले आनली? पूजा कराले?"

देवमन बक्कल घासत राहिला. मग पुटपुटला, "लोक म्हनतीन, देवमन बुद्ध झाला, आन आता पुरलेले देव उकरून राह्यला."

असं होतं तर. दुर्गाबाईला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप. लोकांच्या तोंडाला भिऊन याने तिची माय मातीत ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिने यंत्र पाठीवर बांधलं, भोंगे कानाला लावले आणि धुऱ्यावर ताटली फिरवायला लागली. शेजारच्या वावरातून शेषरावांनी विचारलंच, "काय वो दुर्गाबाई, देव काढून राह्यली का?"

"देव राहू द्या तिथंच. माह्या मायची माळ काढून राह्यली. पाहाचं असन त जवळ या."

शेषराव आले नाहीत. देवमन आला. सरळ बोरीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. दुर्गाबाईने ताटली तिथे नेली आणि कानात कुंई वाजलं. म्हणजे जागा याच्या चांगली ध्यानात होती.

तिने खणलं. टोपली कुजली होती. माळ तेवढी बाहेर काढली, टाक होते तिथेच ठेवून माती लोटली आणि पायाने दाबली. रुपये काळेठिक्कर पडले होते. ती माळ तिने नवऱ्याच्या हातात दिली.

"साहेबाचे लई घासले," ती म्हणाली. "आता हे घासा. चिंच घरी हाय."