मिसरीचं बोट

साठ सालच्या आसपासची गोष्ट. सासूबाईंच्या गालात आतून जखम झाली आणि ती काही केल्या भरेना, म्हणून मी त्यांना म्हसावदहून शहाद्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता?"

सासूबाई भडकल्या. "तमाखू माणसे खातस. आम्ही बाया तं मिसरी लावतस!"

मलाही डॉक्टरांचा रागच आला. नवऱ्याच्या तंबाखूवरून मी रोज भांडायची, आणि हे आमच्यावर आळ घेतात!

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मिसरी कशाची करता, बाई?"

"तंबाखूची," मी म्हणाले, आणि माझं मलाच उमगलं. दर आठवड्याला तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत मीच भाजायची, मीच कुटायची. चांगली सातवी शिकलेली मी! पण एकदा डबीत भरली की ती आमच्या लेखी दात घासायची राखुंडी.

"आजपासून बंद करा," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी मान फिरवली. मी माझ्या काळ्या बोटाकडे बघत राहिले. मांडीवर लेक किरकिरत होती, तिला दात येत होते. सकाळीच त्या बोटानं मी तिच्या हिरड्यांना मिसरी चोळली होती.