बेंजो नाही, गिटार!

नांदुऱ्याच्या माझ्या मामासारखा भांडखोर माणूस अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्याचं सगळं भांडण एका शब्दाशी होतं. जवानीत तो लग्नाच्या बँडपार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. लाल, दोन शिंगांची, एका जुन्या देशी कारखान्याची. पण आमच्याकडे तारा असलेलं आणि करंटवर वाजणारं जे काही असेल ते बेंजो! वरातीत कोणी 'ओ बेंजोवाले' म्हटलं, की मामा गाणं अर्ध्यात सोडायचा. नवरदेव घोड्यावर ताटकळतोय आणि हा त्या माणसाला मॉडेलचा इतिहास सांगतोय. हात पार वरच्या सुरांपर्यंत पोचावा म्हणून ही शिंगं, वगैरे. धाड गावच्या एका लग्नात वरबापच कावला. "शिंगं बैलाले असतात. बेंजो वाजवता का घरी जाता?" मामा घरी आला. उपाशी!

घरी तरी काय होतं? मामीनं उभ्या जन्मात त्या वस्तूला गिटार म्हटलं नाही. "बेंजो सरकवा, झाडू मारू द्या." एका उन्हाळ्यात तर तिनं गिटार अंगणातल्या बाजेला टेकवली आणि तिच्यावर चक्क शेवया वाळत घातल्या. मामा किंचाळला, "अवं, गिटार हाय ती!" मामी थंडपणे म्हणाली, "मंग म्या कुठी सतार म्हटली? बेंजोच म्हणून राह्यली ना." त्या उन्हात गिटारची मान वाकली आणि सूर गेला तो गेलाच. नवी कुठून आणणार? डीजेनं बँडपार्ट्यांचं पार वाटोळं केलं होतं, कारखानाही बंद पडला होता. मामाचा पीळ मात्र कायम. "पाह्यजो बे, हे मॉडेल परत येईन. आन् तुही मामी तिले गिटारच म्हणीन." आम्ही पोट धरून हसायचो.

आणि आलं की हो ते मॉडेल! हल्लीच्या पोरांना जुन्या वस्तूंचं वेड, म्हणून कोणीतरी तीच शिंगं, तोच लाल रंग पुन्हा बाजारात आणला. मोबाईलवर पाहिलं आणि मीच मागवलं. फक्त मामी राहिली नव्हती. संक्रांतीनंतर गेली ती.

खोकं उघडलं आणि मामानं गिटार मांडीवर घेतली. तारा पिळल्या, एक सूर काढला. आवाज ऐकून शेजारचे पोस्टमास्तर दारात आले. "वा! गिटार आणली वाटते?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी धड नाव घेतलं होतं. आता इतिहास सुरू होणार म्हणून मी मांडी ठोकून बसलो. मामानं एकदा रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघितलं.

"नाही हो," तो म्हणाला, "बेंजो हाय."