मॅमीची लिव्हरपूलची नोकरी

मिस्टर डेक्लन यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते दुबईत जबल अली बंदरातल्या आमच्या गोदामात गुडघे टेकून ताडपत्रीची घडी घालत होते. ते सेफ्टीचे प्रमुख. या कामाला माणसं होती. पण कुणीतरी कशीबशी गुंडाळलेली ताडपत्री त्यांनी पुन्हा उलगडली, तळहाताने सुरकुत्या काढल्या आणि मला म्हणाले, "घाईत घातलेली घडी ऐन वेळी दगा देते. माझी मॅमी म्हणते." मॅमी म्हणजे त्यांची आई, दूर आयर्लंडमधल्या खेड्यात राहणारी.

साठीचा, उन्हाने लालबुंद झालेला हा उंच माणूस रागावला, तरी शेवटी "यल्ला, हबीबी, चहा घेऊ" म्हणून मोकळा व्हायचा. चहा आमच्या रत्नागिरीसारखाच, उकळून काळा केलेला लागे. एका बाबतीत मात्र ते कधी नमत नसत. नोव्हेंबरात एक दिवस ऑफिसातले इंग्रज सहकारी युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी कोटाला लाल कागदी फूल लावत. त्या दिवशी मिस्टर डेक्लन मीटिंगला येतच नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात माझ्या आजोबांना इंग्रजांनी तुरुंगात टाकलं होतं, साबिरा. आमच्या घरात त्यांच्या फौजेचं नावसुद्धा निघत नाही."

मग एका दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांना बहिणीचा फोन आला. शंभरीला टेकलेल्या मॅमीने नातवंडांशी गप्पा मारताना सांगून टाकलं होतं, की आजवर सगळ्यांना सांगत आली तशी तरुणपणी ती लिव्हरपूलच्या हॉटेलात नोकरीला नव्हतीच. महायुद्धात ती इंग्रजांच्या हवाई दलात होती. वैमानिकांच्या पॅराशूटच्या घड्या घालायची.

आयर्लंड त्या युद्धात उतरलं नव्हतं. तरी तिथली कितीतरी मुलंमुली समुद्र ओलांडून इंग्रजांच्या फौजेत गेली. परत आल्यावर मात्र अनेकांना गावात ते सांगायची चोरी झाली.

"जन्मभर खोटं बोलली!" मिस्टर डेक्लन म्हणाले. "माझे वडील गेले, त्यांनाही ठाऊक नव्हतं." ते तिचे फोन उचलेनात. कामात लक्ष नाही, चहा तसाच गार होऊन जाई.

शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "माझ्या अब्बांचे आजोबा इंग्रजांच्या लढाऊ जहाजावर होते. जहाज बुडालं, एका कानाने बहिरे होऊन घरी आले. कुणासाठी लढलात, असं आमच्याकडे कुणी विचारलं नाही. जिवंत आले यातच घर खूश होतं. तुमची मॅमीही सुखरूप आली. पण कुठून आली, हे तिला मनमोकळं सांगताही आलं नाही."

त्यांनी गार झालेला चहा बाजूला सारला. मग माझ्यासमोरच त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर पांढरे केस, बारीक डोळे.

"रागावलास, डेक्लन?"

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या आजोबांच्या घरात सून म्हणून राहायचं होतं मला. आणि अरे, ती विशी-बाविशीची पोरं होती. आकाशातून खाली पडताना पॅराशूट उघडावं, एवढंच माझं काम. मी घडी घालताना प्रत्येकाच्या आईचा विचार करायचे."

मिस्टर डेक्लन यांनी चेहरा हातांनी झाकला. मग म्हणाले, "मी घरी येतोय, मॅमी."

त्याच महिन्यात ते नोकरी सोडून गेले. थोड्याच दिवसांत त्यांनी पाठवलेला व्हिडिओ मी अल कुसैसच्या घरी माझी लेक झोया हिच्याबरोबर पाहिला. गावचा हॉल माणसांनी भरला होता. मिस्टर डेक्लन यांनी मॅमीची व्हीलचेअर पुढे आणली आणि माइक तिच्या तोंडाजवळ धरला. तिने सगळं सांगितलं. नंतर हॉलमध्ये चिडीचूप.

"ममा, आर दे अँग्री?" झोयाने विचारलं.

तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. "माझे वडीलसुद्धा होते," तो म्हणाला. "नौदलात." मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. शेवटी एक बाई पुढे येऊन मॅमीजवळ वाकली. "माझी आत्या कॅथलीन. फौजेत नर्स होती. मरताना फक्त मला सांगितलं तिने."

मॅमीने तिचा हात घट्ट धरला. "कॅथलीन? अगं, जन्मभर दर रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायची ती!" क्षणभर तिचे डोळे भरले, आणि मग ती खळखळून हसली. "दोघी कसल्या वेड्या गं आम्ही!"

तिच्यामागोमाग अख्खा हॉल हसायला लागला.