डोळे मिटून ओलांडलेला घाट

मी गाडी चांगली चालवते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते दुसरं कुणी सांगणार नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले, तेही साकीनाक्याला. तिथल्या पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका युनिटमध्ये मी सुपरवायझर आहे. रिक्षा, टेम्पो आणि हातगाडी यांच्यामधल्या फटीतून जिने रोज गाडी काढली, तिला डोंगरातला रस्ता म्हणजे सुट्टीच. म्हणून महिन्यातला एखादा रविवार मी पहाटे बोरीवलीहून निघते. कधी कसारा, कधी माळशेज, कधी ताम्हिणी. घाट चढायचा, वर टपरीवर चहा प्यायचा, घाट उतरायचा आणि घरी यायचं.

हे आमच्या घरात कुणालाही समजावून सांगता आलेलं नाही. आम्ही राजापूरकडचे. आमच्या दृष्टीने घाट म्हणजे गावाला जाताना मध्ये येणारी अडचण. गणपतीला आणि शिमग्याला ती सोसायची, पलीकडे पोचलो की देवाचे आभार मानायचे. माझा भाऊ आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो. मी परत आले की तो विचारायचा, कुणाकडे गेली होतीस? कुणाकडे नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग कशाला? वळणं घ्यायला, असं मी खरं ते सांगायची आणि तो वहिनीकडे बघायचा. पेट्रोल जाळायची हौस, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

आई माझ्याजवळ राहते. मी लग्न केलं नाही आणि बाबा गेल्यावर तिने माझ्याकडेच राहायचं ठरवलं. आता तिची पंचाहत्तरी उलटली आहे. ती मात्र मला कधीच कशाला असं विचारायची नाही. चहा कसा होता, एवढंच विचारायची.

आईला गाडी लागते. ही गोष्ट आमच्या घरात आडनावासारखी पक्की आहे. लाल डब्याच्या दिवसांपासून तिची जागा ठरलेली. मागे, खिडकीशी, डोक्यावरून पदर, मुठीत लिंबू आणि मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पोलादपूर मागे पडलं की कुणीतरी म्हणायचं, कशेडी आला, आणि आई डोळे मिटून घ्यायची. ते उघडायचे थेट खेडच्या बाजूला. पुढे भावाने गाडी घेतली तरी तिची जागा मागेच राहिली. पुढच्या सीटवर भावोजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान बसायचे, रस्ता बघायला. वर्षानुवर्षं त्याच रस्त्याने जाणाऱ्या माणसाला त्यात काय बघायचं असतं हे मला अजून कळलेलं नाही, पण आमच्यात पुढे पुरुषमाणूस बसतो. आई मागे, दोन पिशव्यांच्या मधे, गोळी घेऊन झोपलेली.

मग कशेडीला बोगदा झाला. त्या गणपतीला भावाची गाडी डोंगराच्या पोटातून सरळ पलीकडे गेली. पिशवी लागली नाही, लिंबू लागलं नाही. गाडीतल्या सगळ्यांना आईच पास झाल्यासारखा आनंद झाला. भाऊ म्हणाला, आई, सुटलीस तू, घाट संपला तुझा. आईने मान हलवली. मी मागेच तिच्या शेजारी होते. इतका आनंद होण्यासारखं तिच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही.

परत आल्यावर चारेक दिवसांनी ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी तो घाट बघितलाच नाही गो."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, शेकडो वेळा गेलीस की त्यातून. गेले, ती म्हणाली, पण बघितला कुठे? लग्न होऊन आले तीच डोळे मिटून आले. शेजारी बसून बाबा तिला बाहेरचं काय काय सांगायचे म्हणे. तिचं मन पोटातून निघावं म्हणून. आता ढग आलेत, आता दरी लागली, आता समोरच्या डोंगरावर ते घर दिसतंय. एकच घर होतं म्हणे तिथे, आजूबाजूला काही नाही. दर खेपेला बाबा त्या घराचं सांगायचे. आज धूर निघतोय, आज गोधड्या वाळत घातल्यात. आणि ती पदरातून त्यांना गप्प बसायला सांगायची.

"आता लोक बोगद्यातनं जाणार," ती म्हणाली. "वरचा रस्ता पडून राहील. मग राहिलाच तो."

एवढं म्हणून तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि ती आत गेली. जिला मी कधी विचारलंच नव्हतं, तीच या घरात घाटाची ओढ असलेली दुसरी बाई निघाली.

मी त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं की आईला कशेडी दाखवणार. गोळी न देता, कारण गोळीने ती झोपते. आणि पुढच्या सीटवर बसवून. भाऊ भडकला. या वयात उलट्या झाल्या, बीपी वाढलं तर रस्त्यात कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. ते चूक नव्हतं. "तुझी हौस आहे ना, ती आईच्या पोटावर कशाला काढतेस?" असंही तो म्हणाला, आणि ते मला झोंबलं. आई दोघांच्या मधे बसून टीव्हीचा आवाज कमी करत होती. तिला भीती होती ती आजारी पडायची नव्हती. लोकांसमोर पिशवीत तोंड घालायची होती. तरुणपणी चालून जातं, म्हातारपणी लाज वाटते, असं ती मला नंतर म्हणाली.

आधी तालीम म्हणून मी तिला घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटात नेलं. त्याला घाट म्हणतात हे फक्त बोर्डावरून कळतं. वळणं थोडी, खड्डे फार आणि ट्रक त्याहून फार. दुसऱ्याच वळणाला आईने पदर तोंडावर घेतला आणि तिसऱ्याला मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी ट्रकवाल्यांच्या नावाने शंख केला. आईने चूळ भरली, तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ट्रकचं काही नाही. तू वळणात शिरल्यावर ब्रेक दाबतेस. तुझा भाऊ तेच करतो."

मी आणि भाऊ, एकाच पंगतीत. आईला स्टिअरिंग कशाशी खातात हे माहीत नाही. पण उभं आयुष्य डोळे मिटून मागे बसल्यावर ड्रायव्हर कसा आहे हे पोटाला कळतं, असं तिचं म्हणणं. चांगला ड्रायव्हर वळण यायच्या आधीच गाडी हळू करतो आणि वळणातून ती सोडून देतो. वाईट ड्रायव्हर आत शिरून दचकतो. गाडी दचकली की पोट दचकतं. हे तिने इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. मला कोण विचारणार, मी झोपलेली, ती म्हणाली.

मग आमचा क्लास सुरू झाला. रविवारी सकाळी सकाळी आरेमध्ये, गोरेगावच्या बाजूने शिरून पवईकडे. त्या रस्त्याला वळणं भरपूर आणि सावलीही. आई पुढच्या सीटवर पट्टा लावून, डोळे मिटून बसायची. मुद्दामच. वळण नीट गेलं की हं म्हणायची. चुकलं की नुसता श्वास सोडायची. आरटीओच्या परीक्षेत मला इतका घाम फुटला नव्हता. जिच्यापुढे मी फुशारक्या मारायचे, तिने मला ब्रेक शिकवला हे मान्य करायला मला थोडं जड गेलं, पण नंतर हं वाढत गेले आणि एक दिवस तर पवईपर्यंत सगळे हंच होते. परतताना आम्ही दूध घेतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

भावाने शेवटी परवानगी दिली, एका अटीवर. जाताना हवं तर वरून जा, येताना बोगद्यातून यायचं. एकदा बघून झालं की झालं. आईने लगेच कबूल केलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही अंधार असतानाच निघालो. डबा, पाणी, पिशवी आणि आईने आदल्या रात्रीच फ्रिजमधून काढून ठेवलेलं लिंबू. महाडपर्यंत ती मजेत होती. प्रत्येक गावाचं नाव वाचून दाखवत होती, कारण पुढून बोर्ड दिसतात हे तिला नव्यानेच कळलं होतं. पोलादपूर मागे पडलं. सगळ्या गाड्या सुसाट बोगद्याकडे निघाल्या आणि आम्ही जुन्या रस्त्याला लागलो. एकदम शांत झालं. मी खिडक्या खाली केल्या. गवत पिवळं पडायला लागलं होतं, पण झाडं अजून हिरवी होती आणि रस्ता आमच्या एकट्यांचा होता.

पहिलं मोठं वळण आलं. मी आधीच वेग कमी केला, गाडी लोण्यासारखी वळली. हं येईल म्हणून मी आईकडे बघितलं. तिने डोळे घट्ट मिटले होते. डोक्यावरून पदर, मुठीत लिंबू, ओठ आवळलेले. जशी लाल डब्यात बसायची तशी.

मी म्हटलं, आई, उघड डोळे, काही होत नाही. ती म्हणाली, कळतंय गो, पण उघडत नाहीत. खरंच उघडत नव्हते. पापण्या थरथरत होत्या. घाट लागला की मिटायचे ही सवय इतकी जुनी होती की आता तिला विचारल्याशिवाय ते आपोआप मिटत होते. मी चालवत राहिले. दुसरं वळण, तिसरं. एकही चुकलं नाही आणि त्याचा काही उपयोग नव्हता. आयुष्यात सगळ्यात चांगला घाट मी त्या दिवशी चालवत होते आणि जिच्यासाठी चालवत होते ती अंधारात बसली होती. माझा आत्मविश्वास एरवी कुणाला उधार देण्याइतका असतो, पण त्या वेळी मला वाटलं, भावाचंच बरोबर होतं. ही माझी हौस.

मग आईच डोळे मिटलेल्या अवस्थेत बोलायला लागली. आता डावीकडे जाशील, मग चढ लागेल, मग जोरात उजवीकडे. आणि तसंच होत होतं. तिने न बघितलेला रस्ता तिला पाठ होता. एका लांबलचक वळणाच्या आधी ती म्हणाली, "इथे. इथे ते घराचं सांगायचे."

वळण संपल्यावर डाव्या हाताला रुंद जागा होती. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, आता घाट नाही, आता गाडी उभी आहे. उभ्या गाडीत कशाला डोळे मिटतेस?

तिने खाली मान घालून डोळे उघडले, आधी हातातल्या लिंबाकडे बघितलं, मग समोर. दरी रस्त्याच्या उजव्या अंगाला होती, म्हणून मी तिला उतरवून, हात धरून रस्ता ओलांडला. आडवी यायला गाडी अशी एकही नव्हती. कठड्याशी उभी राहून ती बघत राहिली. खाली उतरत गेलेली झाडी, तळाशी नदीची रेघ, पलीकडे डोंगरामागे डोंगर. मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून मला ते आधी दिसलं नाही. तिने बोट केलं.

समोरच्या सोंडेवर एक घर होतं. एकच. कौलांच्या जागी आता निळा पत्रा होता आणि बाजूला दोरीवर काहीतरी वाळत होतं.

"आहे गो," आई म्हणाली. "मला वाटायचं माझं मन रमवायला रचून सांगतात."

तिच्या डोळ्यांना धार लागली आणि माझ्याही. आम्ही दोघी त्या कुणाच्या तरी घराकडे बघत रडत उभ्या होतो. बाबांची मला इतकी आठवण त्यांच्या वर्षश्राद्धालासुद्धा आली नव्हती. दर खेपेला ते हे बघत आले आणि शेजारी मिटून बसलेल्या बायकोला सांगत आले, आणि ती ऐकत नाही असं समजून पुन्हा पुढच्या खेपेला सांगत आले. आई म्हणाली की तिने सगळं ऐकलं होतं. फक्त विश्वास ठेवला नव्हता.

गाडीत बसल्यावर तिने पदर खांद्यावर टाकला आणि मला चल म्हणाली. उताराला तिचे डोळे उघडे होते. पहिल्या दोन वळणांना तिने दाराची मूठ धरली, मग सोडली. मग ती बोलायलाच लागली. हे झाड कसलं, तो दगड कसा टेकलाय, ते देवीचं देऊळ केवढंसं आहे, घंटेच्या आवाजावरून मला मोठं वाटायचं. खाली आलो तरी पिशवी घडी घातलेलीच होती.

खेडच्या अलीकडे एका हॉटेलात आम्ही मिसळ खाल्ली. आईने तिखट मागितलं. तेवढ्यात भावाचा फोन आला. आई बरी आहे म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, आणि आता सरळ बोगद्यातून या, असं त्याने बजावलं. मी हो म्हटलं. शब्द दिला होता.

परत निघालो. बोगद्याचा फाटा जवळ आला तशी मी गाडी त्या लेनला घेतली. आईने माझ्या हातावर हात ठेवला. तिने लिंबू पर्समध्ये टाकलेलं मी बघितलं.

"वरून घे," ती म्हणाली. "येताना दरी माझ्या बाजूला येईल."