पश्चिमेची काच आणि आमचे आर्किटेक्ट

मंडळी, आज मी सूड घेतला. खरं सांगते, मजा आली.

दुसरबीडजवळ विद्यापीठाचा नवा परिसर उभा राहतोय आणि मी त्याच्या बांधकाम समितीत आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या आर्किटेक्टनं नकाशा दाखवला, तेव्हा मी विचारलं होतं, "पश्चिमेले एवढी काच काऊन लावली? पोरं भाजून निघतील."

तो माझ्या बोलीची नक्कल करत म्हणाला, "काऊन म्हंजे? दिसायले चांगलं दिसते नं मॅडम!" सगळी समिती हसली. मी मान खाली घालून चहा प्यायले.

आज पहिली इमारत ताब्यात घ्यायची बैठक होती. ती मी मुद्दाम पश्चिमेच्या वर्गात ठेवली, मे महिन्यात, दुपारी तीन वाजता.

दहा मिनिटांत त्याचा शर्ट अंगाला चिकटला. "मॅडम, दुसरीकडे बसूया का?"

"काऊन?" मी म्हटलं. "दिसायले तर चांगलं दिसते."

यावेळी कोणी हसलं नाही. मी पाहणीचा अहवाल पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतला. पाऊण तासानं तो म्हणाला, "काच काढून भिंत बांधतो, बाहेरून व्हरांडाही देतो."

"लिहून द्या," मी म्हटलं. त्यानं तिथंच लिहून सही केली.

काम झालं होतं. तरी मी उरलेली बारा पानं सावकाश वाचली. समितीतले सगळे घाम पुसत बसले होते आणि मले कोणाचीच कीव आली नाही.

सही झाल्यावर थांबायला हवं होतं, हे कळतं. तुम्ही थांबला असता?