ओळख शेजारच्याने करून द्यायची

परब गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. रविवारची सकाळ होती. मी मुलुंडच्या घरी फिजिक्सची जर्नल्स तपासत बसले होते, आणि कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला की आपले ग्रंथपाल सुहास परब यांचं हृदयाच्या ऑपरेशननंतर निधन झालं. खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मी मात्र ‘ऑपरेशन’ या शब्दावरच अडकले. कसलं ऑपरेशन? ज्या माणसाबरोबर बावीस वर्षं नोकरी केली, तो हॉस्पिटलात होता हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, कारण शेवटची दोन वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर असल्या लेखांत सगळेच गेलेल्या माणसाचे जिवलग असतात.

परब भांडुपचा. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. ग्रंथपाल असून आवाज असा की ‘शांतता राखा’ हे तोच ओरडून सांगायचा आणि पोरं हसायची. कॉलेजातली गुरुवारची व्याख्यानं त्याने सुरू केली. त्याआधी आमच्याकडे पाहुणे यायचे ते शाल-श्रीफळ घ्यायला, आणि हजेरी लागली की अर्धी मुलं मागच्या दाराने पसार. परब म्हणाला, भुकेलं पोर काय डोंबल ऐकणार? आधी जेवू, मग ऐकू. वाचनालयामागच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकायच्या, सगळ्यांनी आपापले डबे मध्ये ठेवायचे, पाहुण्यानेही घरून डबा आणायचा. आणि पाहुण्याचा बायोडेटा वाचायचा नाही. जेवताना त्याच्या शेजारी जो विद्यार्थी बसला असेल, त्याने उठून ओळख करून द्यायची. कोण बसणार हे आधी ठरवायचं नाही.

“हे काय हळदीकुंकू आहे का?” मी विचारलं होतं. त्यावर “तुका काय कळणा नाय गो,” एवढंच म्हणाला. वादात आपण जिंकणार असं वाटलं की तो मालवणीवर यायचा. पहिल्याच महिन्यात विजेच्या कंपनीतले एक लाइनमन आले. त्यांच्या शेजारी बसलेली मुलगी वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती उठली, दोनदा घसा साफ केला आणि म्हणाली, “काकांना कारलं आवडतं, आणि त्यांना उंचीची भीती वाटते. तरी ते रोज खांबावर चढतात.” त्यानंतर तासभर एकही पोर हललं नाही. पुढच्या गुरुवारपासून मीच पाहुणे शोधायच्या कामाला लागले. नर्स, विमानाचे मेकॅनिक, कोळीण, निवृत्त न्यायाधीश... सगळे आले, सगळे मांडी घालून जेवले. पहिल्या वर्षाची मुलं तिसऱ्या वर्षाच्या मुलांना नावाने हाक मारायला लागली, आणि परब डबे उघडत फिरायचा, “अरे, आज कोणाकडे मासे नाहीत? वाट लागली.”

मग मी माझ्या पीएचडीच्या सरांना बोलावलं. मोठा माणूस. मी कित्येक महिने त्यांच्या मागे लागले होते. सर उशिरा आले, प्राचार्यांनी त्यांना परस्पर केबिनमध्ये नेऊन सँडविच खायला घातलं, आणि ते हॉलमध्ये आले तेव्हा मुलांचं जेवण उरकलं होतं. ओळख कोण करून देणार? मी पर्समधून कागद काढला. सरांबद्दल पानभर लिहून आणलं होतं, रात्री आरशासमोर वाचूनही बघितलं होतं. परब सगळ्यांसमोर म्हणाला, “साठेबाई, तुम्ही जेवलात का यांच्याबरोबर?” मी म्हटलं, नाही. “मग ओळख राहू दे. सर, तुम्ही सुरुवात करा.” मी कागद घेऊन तशीच उभी.

व्याख्यान संपल्यावर वाचनालयात जाऊन मी त्याला धरलं. “पोरांसमोर कचरा केलास माझा.”

“अगं, नियम सगळ्यांना सारखा ना.”

“वीस वर्षांच्या ओळखीत एक नियम सोडता आला नाही तुला?”

तो हसला. कदाचित ओशाळून हसला असेल, पण मला तेव्हा ते हसू डोक्यात गेलं. त्या दिवसापासून मी गुरुवारी गेले नाही आणि वाचनालयातही पाय ठेवला नाही, पुस्तकं शिपायाकडून मागवायचे. त्याने दोन-तीन आठवड्यांनी एका गुरुवारी वर डबा पाठवला. मी तो न उघडता परत पाठवला. नंतर त्याने पाठवला नाही, आणि का पाठवावा? माझा विभाग पहिल्या मजल्यावर, वाचनालय तळमजल्यावर. एक जिना उतरायचा होता. दोन वर्षं मी तो उतरले नाही याची मला आज शरम वाटते.

तो गेल्यानंतरच्या गुरुवारी मुलांनी शोकसभा त्याच हॉलमध्ये ठेवली, आधी जेवण. प्राचार्य मला म्हणाले, तुम्ही त्यांना सर्वांत जास्त ओळखत होतात, तुम्ही बोला. मी पुन्हा पानभर लिहून नेलं. पण मुलांनी विचारलं, सरांच्या शेजारी शेवटचं कोण जेवलं? मानखुर्दहून येणारी, पहिल्या वर्षाची श्रावणी उठली. कॉलेजात येऊन तिला तीन महिने झाले होते. म्हणाली, “सरांनी त्या दिवशी त्यांचं सुरण मला दिलं, त्यांना जेवण जात नव्हतं. सर छप्पन्नाव्या वर्षी पोहायला शिकत होते. दोन महिने झाले तरी कडेचा दांडा सोडला नव्हता.” मुलं हसली. “मग म्हणाले, सोमवारी ऑपरेशन आहे. मी विचारलं, सर, भीती वाटते का? तर म्हणाले, हो, खूप वाटते. भीती वाटते हे घरी सांगितलेलं नाही.” परबची बायको, रेखावहिनी, पुढेच बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, “मला माहीत होतं गं.”

मी माझं पान वाचलं नाही. त्यात नेमणुकीचं साल होतं, पदव्या होत्या, पोहण्याबद्दल काही नव्हतं. तो घाबरलाय हे मला सांगायला हवं होतं त्याने... मला, त्या पोरीला नाही. पण ती शेजारी होती आणि मी वरच्या मजल्यावर.

आता गुरुवार माझ्याकडे आलाय. मी काही परब नाही, मला डबे उघडत फिरायला जमत नाही. जिथे जागा दिसेल तिथे बसते. गेल्या आठवड्यात शेजारी बसलेल्या मुलीने भेंडी पुढे केली, तेव्हा मी विचारलं, “नाव काय गं तुझं? कुठल्या वर्गात?”

“मॅडम,” ती म्हणाली, “मी दोन वर्षं तुमच्याच वर्गात आहे.”

मी भेंडी घेतली. “असशील,” म्हटलं, “पण नाव सांग.”